डावीकडे झाड

ओहायो,
९ सप्टेंबर २००३

प्रिय हॅल्वर,

फोनवर आपलं बहीण-भावाचं भांडण होतं, म्हणून लिहिते आहे. पत्रात निदान माझं बोलणं तुला मध्येच तोडता येत नाही.

तुझी सिग्ने सोळा वर्षांची झाली. वाढदिवसाची भेट म्हणून मी तिचं नाव आमच्या शाळेत घातलं आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिला घेऊन ये. नाक मुरडू नकोस. 'मारितच्या शाळेत पोरांना शर्यतीच्या गाड्या हाकायला शिकवतात' असं तू बेटावर सांगत फिरतोस, ते माझ्या कानावर आलं आहे. शर्यत लावायला नाही, गाडी हातातून सुटली तर काय करायचं ते शिकवतो आम्ही. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी सोडतो, पोरांना गाडी मुद्दाम घसरवायला लावतो आणि मग सावरायला लावतो. लायसन्सच्या परीक्षेत गाडी दोन गाड्यांच्या मध्ये लावून दाखवली की झालं. घसरणाऱ्या गाडीत बसायची पहिली वेळ यायची ती नेमकी खऱ्या रस्त्यावर, आणि पुष्कळांची तीच शेवटची असते. वीस वर्षं शर्यतीच्या गाड्यांखाली तेलात लोळून मी एवढंच शिकले.

तुमचा तो किनाऱ्याचा रस्ता मला माहीत आहे. आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून जाणारा बर्फावरचाही. आई नसलेली पोर आहे. एवढं माझं ऐक.

तुझी,
मारित

—

सेडर बेट,
२० सप्टेंबर

प्रिय मारित,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तरी त्यात माझ्या कामाचं काही सापडलं नाही.

आपल्याला गाडी कुणी शिकवली? अण्णांनी. जानेवारीत तळ्याच्या मधोमध नेऊन उतरले, म्हणाले, घरी घेऊन या, आणि स्वतः चालत निघाले. ती आपली शाळा. तुझ्या धावपट्टीवर नळाचं पाणी सोडून बर्फ शिकवणार म्हणजे परातीत पोहायला शिकवण्यासारखंच. इथे सगळं बेट बर्फावर गाडी घालायच्या आधी मला विचारतं. शाळेच्या व्हॅनमधून बेटावरची सात पोरं हिवाळाभर बर्फावरून पलीकडच्या गावी नेतो-आणतो मी. एकाचाही मोजा ओला झालेला नाही. त्या सातातली एक सिग्ने आहे, आणि तिला मीच शिकवेन असं ठरलं होतं.

पण तिने तुझं पत्र माझ्या आधी वाचलं. आता ती जेवताना माझ्याशी बोलत नाही आणि बटाटे करपवते. तेव्हा येतो. बेल्टवरून तिला फार पढवू नकोस. इथे बर्फावर चढलं की बेल्ट काढायचा आणि काच खाली करायची, हे तिला पाळण्यापासून माहीत आहे. बर्फ फुटला तर बांधून घेतलेला माणूस खाली जातो. तुमचं शहाणपण जमिनीवर ठेवा.

हॅल्वर

—

ओहायो,
२८ ऑक्टोबर

प्रिय हॅल्वर,

सुखरूप पोचलात का? माझ्या फ्रीजमधला धुरी दिलेला मासा जाताना घेऊन गेलास, ते बरं आठवलं तुला.

पोरीचं कौतुक करायचं नाही असं ठरवलं होतं, पण करते. पहिल्या दिवशी सकाळी ती सगळ्यांसारखीच घाबरली. गाडी फिरली की डोळे धावपट्टीवर वाट आखायला मांडलेल्या प्लॅस्टिकच्या शंकूंवर खिळायचे आणि गाडी नेमकी शंकूवर जायची. माणसाचं असंच असतं, ज्याची भीती वाटते तिकडेच बघत राहतो आणि तिकडेच जाऊन आदळतो. मी तिला एकच सांगितलं, जिथे जायचंय तिथे बघ. दुपारपर्यंत तिला ते उमगलं. गाडी तिरपी घसरते आहे आणि ही पोर मान वळवून शांतपणे मोकळ्या जागेकडे बघते आहे. रविवारी बोलत गाडी चालवण्याचा धडा होता. दिसेल ते मोठ्याने म्हणायचं: उजवीकडे ट्रक, पुढे खड्डा, डावीकडे माणूस. तोंड बोलायला लागलं की डोळे आळशीपणा करत नाहीत. बाकीची पोरं लाजून पुटपुटतात. ही अशी ओरडत होती की माझा कान बधिर झाला.

आणि तू! पालकांनी एक फेरी मारायची म्हटल्यावर मोठ्या तोऱ्यात बसलास. डावीकडचे झाडून सगळे शंकू आडवे केलेस, उजवीकडचा एकही नाही. आमची पोरं अजून हसतात. 'एवढेसे शंकू ठेवता कशाला, दिसत नाहीत' म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं. सिग्ने मात्र हसली नाही, हे माझ्या लक्षात आलं. बापाची फजिती तिला सहन होत नसावी.

तुझी,
मारित

—

सेडर बेट,
१४ डिसेंबर

प्रिय मारित,

तुझ्या शाळेने माझी पोर बिघडवली, त्याची तक्रार करायला हे पत्र.

पिकअपच्या डाव्या दाराला पोचा आला आहे. टपालपेटीचा खांब लागला. सिग्ने म्हणते तिच्याकडून झालं. मला तर त्या दिवशी मीच चालवत होतो असं आठवतं, पण ती ठामपणे म्हणते, नाही बाबा, मी होते. पोर कबूल करते आहे तर आपण कशाला वाद घालायचा? तर ही तुझी सोळा आणे तयार झालेली विद्यार्थिनी. नोव्हेंबरात एक हरीण असंच डावीकडून येऊन धडकलं, तेव्हा मात्र मीच होतो. हरणांना काय, ती कुठूनही येतात.

दुसरी गोष्ट, तिची बडबड. चालवताना बोलते ते सोड. मी चालवत असताना शेजारी बसूनही बोलते. 'डावीकडे सायकल. डावीकडे म्हातारी ऊना, काठी घेऊन. डावीकडे कुत्रा.' मी म्हटलं, मला डोळे आहेत. ती म्हणाली, सराव करते बाबा, आत्याने सांगितलंय. घे, तुझ्याच नावाने पावती फाडली.

फेरीबोट अजून चालू आहे. पाणी दाट होत चाललं आहे. या वर्षी बर्फ लवकर धरेल असं वाटतं.

हॅल्वर

—

ओहायो,
६ जानेवारी २००४

प्रिय हॅल्वर,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तुझं पत्र वाचून मला काळजी वाटली, हसू नकोस.

आमच्याकडे याला 'शाळेचा ताप' म्हणतात. काही पोरं धावपट्टीवर दोन दिवस घालवून जातात आणि त्यांना वाटतं, आता आपल्याला सगळं येतं. मग मुद्दाम वेगात वळण घेतात. आम्ही शिकवतो ते जीव वाचवायला, पण त्यातून माज चढला तर तेच जीव घेतं. सिग्ने त्यातली नाही असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण खांबाला धडकली म्हणजे बघायला हवं. तिला माझ्या वतीने विचार, किती वेगात होतीस? रागावू नकोस. पोरं रागावलेल्याला खरं सांगत नाहीत.

बडबडीचं मात्र कळलं नाही. तो धडा चालवणाऱ्याने करायचा असतो. शेजारी बसणाऱ्याने बोलून त्याचा सराव कसा होणार? आणि तू लिहिलेल्या सगळ्या गोष्टी डावीकडच्याच कशा? तुमच्या रस्त्याला उजवी बाजूच नाही की काय!

तुझी,
मारित

—

सेडर बेट,
११ फेब्रुवारी

प्रिय मारित,

उशीर झाला. फेरीबोट बंद झाल्यावर बर्फ गाडीजोगा व्हायला तीन आठवडे लागले, तोवर टपाल बर्फावरून सरकणाऱ्या पंख्याच्या होडीतून यायचं, आणि ती होडी चालवणारा निल्स पत्रापेक्षा बिअरची खोकी आधी भरतो.

आता रस्ता उघडला. उघडला म्हणजे मी उघडला. सालाबादप्रमाणे बेटावरच्यांनी नाताळची झाडं आणून टाकली, आणि मी ती दोन्ही कडांना बर्फात रोवून वाट आखली. या वर्षी झाडं नेहमीपेक्षा जवळजवळ लावली आहेत. लोक विचारतात, इतकी का? म्हटलं पोरांची व्हॅन जाते, धुकं असतं. ते मान डोलावतात. डाव्या हाताला, बरोबर निम्म्या वाटेवर, दरवर्षीची ती भेग आहेच. वारा फिरला की उघडते. अण्णा तिला 'सासूचं तोंड' म्हणायचे, आठवतं?

सिग्नेच्या वेगाचं विचारलं. ती उठून भांडी घासायला गेली.

बडबडीची आता सवय झाली. खरं सांगू का, बरं वाटतं. व्हॅनमध्ये मागे पोरं गोंधळ घालतात, आणि ही पुढे बसून आपली एका सुरात: डावीकडे झाड, डावीकडे झाड, डावीकडे निल्सची ढकलगाडी, डावीकडे झाड. धाकटी टायरा आता तिची नक्कल करते. परवा सिग्ने दाताच्या डॉक्टरकडे पलीकडेच थांबली आणि मला परत येताना उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. वाट लांबल्यासारखी वाटली.

हॅल्वर

—

ओहायो,
२६ फेब्रुवारी

हॅल्वर,

काल तुला फोन केला. मी विचारलं, तुला डावीकडचं दिसतं का, आणि तू फोन ठेवलास. हेच उत्तर मी समजते.

तुझी सगळी पत्रं काढून ओळीने वाचली. शंकू डावीकडचे. दार डावीकडचं. हरीण डावीकडून. आणि माझी पोर तुझ्या शेजारी बसून फक्त डावीकडचं सांगते आहे! मी तिला माज चढल्याचा संशय घेत होते आणि ती तुझा डोळा झाली होती. खांबाला धडकल्याचा आळसुद्धा तिने स्वतःवर घेतला. आपल्या आजीचं असंच झालं होतं. कडेने अंधार आत सरकत आला आणि तिला कळलंच नाही, कारण समोरचं लख्ख दिसत होतं. तुला मात्र कळलं आहे. म्हणून झाडं जवळ लावलीस.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. व्हॅन गेली तर हातात काय उरलं? बर्फाचा माणूस म्हणून बेटभर तुझी जी पत आहे ती गेली तर काय उरलं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि तुझ्या मुठीत सात पोरं आहेत.

मी मोठी आहे म्हणून हुकूम करते. व्हॅनच्या किल्ल्या परत दे आणि डॉक्टरकडे जा. हे पत्र मिळाल्यापासून आठवड्याच्या आत तू केलं नाहीस तर मी स्वतः पलीकडच्या शाळेला फोन करेन. मग जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, चालेल.

मारित

—

सेडर बेट,
९ मार्च, सकाळी

प्रिय मारित,

पत्र मिळून चार दिवस झाले. पहिले तीन दिवस तुला शिव्या घालत होतो. काल रात्री सिग्नेसमोर तुझं पत्र ठेवलं. ती वाचून रडली. इतके दिवस आम्ही दोघंही एकमेकांना कळू देत नव्हतो की आपल्याला माहीत आहे. काय हा बापलेकीचा खेळ!

तू म्हणतेस ते खरं आहे. डाव्या बाजूला काही नसतंच. अंधारही नसतो, नुसतं काही नसतं. जिवाला फार लागतं गं. दोन्ही डोळ्यांनी बर्फाचा रंग ओळखणारा मी.

पण ऐक. बर्फ आता संपत आला. या शुक्रवारी मी रस्ता बंद करणार, मग पोरं पुन्हा निल्सच्या होडीने जातील. व्हॅन आपोआप सुटेल, कुणाला काही सांगावं लागणार नाही, आणि सोमवारी मी डॉक्टरकडे जाईन. सिग्नेला वचन दिलं आहे. एवढे चार दिवस थांब. हिवाळाभर निभावलं, चार दिवसांनी काय होतंय?

सिग्नेला रात्रीपासून ताप आहे. अंगावर दोन गोधड्या घालून झोपवली आहे. उठू नकोस, शाळा बुडाली तर बुडू दे, म्हणून दटावलं. तेव्हा आज व्हॅनमध्ये शांतता. वारा रात्रीतून फिरला आहे आणि थोडं धुकं आहे, पण वाट माझ्या पायाखालची आहे. हे पत्र पलीकडे गेल्यावर पेटीत टाकतो.

तुझा,
हॅल्वर

—

सेडर बेट,
२ एप्रिल

प्रिय आत्या,

बाबांचं पत्र यासोबत पाठवते. ते त्यांच्या कोटात नव्हतं, टेबलावरच विसरले होते.

दफनाच्या वेळी तू मला जवळ घेऊन काय झालं ते पुन्हा पुन्हा विचारत होतीस, पण आजूबाजूला माणसं होती. आता सांगते. हे फक्त तुला.

व्हॅन सुरू झाल्याचा आवाज ऐकून मी जागी झाले. खिडकीतून उतार आणि वाट दिसते, तुला माहीत आहे. धुकं होतं, पण पहिली काही झाडं दिसत होती. व्हॅन नीट चालली होती. मग ती झाडं सोडून डावीकडे सरकायला लागली. अगदी हळू, जाणूनबुजून जावं तशी.

मी अंगावरच्या कपड्यांनिशी पिकअप घेऊन निघाले. वाटेवर झाडांच्या कडेने जोरात नेली, भोंगा वाजवत. त्यांना कळलं नाही. मग मी पुढे जाऊन त्यांच्या उजव्या अंगाने आडवी घातली, कारण तेवढंच त्यांना दिसलं असतं. वर पाणी आलेला बर्फ होता. गाडी फिरली. पलीकडे भेग उघडी पडलेली होती, काळं पाणी हलत होतं. आत्या, मी तिकडे बघितलं नाही. व्हॅन आणि झाडं यांच्यात जी मोकळी जागा होती तिकडे बघितलं, आणि गाडी तिकडेच गेली. बाबांना मी दिसले, त्यांनी ब्रेक दाबला. व्हॅन भेगेच्या अलीकडे थांबली. तुझ्या धावपट्टीवर ते दोन दिवस घालवले नसते तर मी थेट त्या पाण्यात गेले असते, आणि व्हॅन माझ्या मागून.

पोरांना उतरवलं. एकमेकांपासून लांब लांब चालत झाडांपाशी जाऊन उभी राहायला सांगितलं. सगळी गेली, टायरासुद्धा. पिकअपही मी वाटेवर नेऊन ठेवली. मग चालत बाबांकडे आले. ते व्हॅनला हात लावून उभे होते.

मी म्हटलं, "बाबा, राहू दे ती इथेच. चला."

"व्हॅन इथे सापडली तर सगळ्यांना कळेल," ते म्हणाले.

"कळू दे."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग आत बसले, काच खाली केली, आणि म्हणाले, "तू पुढे चाल आणि बोलत राहा. आत्याने शिकवलंय तसं."

मी हात धरून त्यांना खाली ओढायला हवं होतं. मी बोलायला लागले. हिवाळाभर तेच करत होते ना. मी पुढे चालत होते आणि ते माझ्या मागून हळूहळू येत होते. डावीकडे भेग. उजवीकडे घ्या. सरळ. सरळ. डावीकडे झाड. त्यांनी आतून 'हं' म्हटलं, रोज म्हणायचे तसं. आणि मागची चाकं खाली गेली.

बेल्ट नव्हता, काच उघडी होती. सगळं आपल्या बेटाच्या रीतीप्रमाणे होतं. त्यांचा एक हात आणि खांदा बाहेर आलेला मी बघितला. तेवढ्यात टायरा किंचाळली आणि पोरं झाडांपासून सुटली, माझ्याकडे, बाबांकडे धावत. तो बर्फ त्यांना पेलणारा नव्हता. मला दोन्हीकडे बघता येत नव्हतं, आत्या. मी पाठ फिरवली. पोरांकडे बघितलं आणि ओरडत राहिले, थांबा, तिथेच थांबा, झाडाला धरा. ती थांबली. मी वळले तेव्हा भेग मोठी झाली होती आणि पाण्यावर व्हॅनमधला एक लाल टिफिनचा डबा होता.

इथे सगळे म्हणतात, धुकं होतं, बर्फाने दगा दिला, हॅल्वरने पोरांना वाचवून जीव दिला. ऊना आजी रोज सूप आणून देते. माझ्या बाबांसाठी चर्चच्या भिंतीवर पाटी लावणार आहेत. मी काही बोलत नाही. झाकलेली मूठ आता माझ्या हातात आली आहे.

तू माझ्याकडे बघून म्हणालीस, मी आठवड्याची मुदत द्यायला नको होती. तू फक्त एक आठवडा दिलास. मी सगळा हिवाळा थांबले. मला धावपट्टीवरच कळलं होतं, शंकू पडले तेव्हा. पण रात्री झोपताना दुसरंच मनात येतं. मला बोलत चालवायला शिकवलं नसतं, तर बाबा डिसेंबरातच कशाला तरी धडकले असते, पकडले गेले असते, आणि आज रागावून घरात बसले असते. तसं झालं असतं का गं? आणि मला घसरणारी गाडी सावरायला शिकवलं नसतं तर ती सहा पोरं आज नसती. दोन्ही मी त्याच दोन दिवसांत शिकले. यातलं एक ठेवून दुसरं परत करता येत नाही.

तू म्हणतेस तसं जूनमध्ये तुझ्याकडे राहायला येईन. काल पहिल्यांदा पिकअप बाहेर काढली, एकटीच होते. किनाऱ्याच्या वळणावर माझ्या तोंडून आपोआप निघालं, डावीकडे झाड. मग बराच वेळ तशीच थांबून राहिले, 'हं' ऐकू यायची वाट बघत. ही सवय मोडायला तुमच्या शाळेत काही शिकवतात का?

तुझी,
सिग्ने